टॅक्सी स्टँडवरची शपथ

माझा नवरा बुशैब शपथ घेतल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाही. "अल्लाची शपथ, भाजी अळणी आहे." "मेलेल्या बापाची शपथ, कालच्यापेक्षा आज जास्त उकडतंय." पाहुणा उठायला लागला की याची शपथ तयारच: "चहा न घेता गेलास तर बघ, शपथ घातलीय!" मग पाहुण्याला बिचाऱ्याला पाचवा पेला रिचवावा लागतो. आमच्या कासाब्लांकात शपथा सगळेच घेतात, पण बाकीचे लोक गरजेपुरत्या घेतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, वय वाढेल तशी याची जीभ थकेल. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, जिभेचं मात्र सगळं व्यवस्थित आहे.

बुशैब विमानतळावर टॅक्सी चालवतो. मोठी पांढरी टॅक्सी, सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा पोटात घेणारी. विमानतळाच्या दारात या टॅक्सींची रांग असते, आणि रांगेत ज्याचा नंबर पहिला त्याला गिऱ्हाईक. नंबर येईपर्यंत माणूस तासन् तास उन्हात बसतो, पत्ते कुटतो, सरकारला शिव्या देतो. आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली, तळघरात, स्टेशन आहे. सरकत्या जिन्याने खाली उतरलं की ट्रेन उभी. टॅक्सीवाले त्या जिन्याकडे बघतात तसं मी आयुष्यात एकाच बाईकडे बघितलं आहे, आणि तिचं नाव मी इथे घेणार नाही.

माझी सासू हाजला, मक्केच्या यात्रेला, गेली होती तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळपासून बसून बसून बुशैबचा नंबर लागला. एक गृहस्थ आला, सोबत बायको आणि चार बॅगा. बुशैबने बॅगा टॅक्सीत चढवल्या, बाईंना दार उघडून दिलं, आणि तेवढ्यात त्या गृहस्थाने विचारलं, "काय हो, इथून ट्रेनही जाते ना?" बॅगा परत उतरल्या. चारही. नवरा-बायको जिना उतरून गेले. सगळा स्टँड हसला. आणि जिलाली नावाचा म्हातारा ड्रायव्हर, जो बुशैबचा जिवलग आहे आणि म्हणूनच त्याला कुठे टोचायचं ते बरोबर ओळखतो, तो म्हणाला, "बघ हं बुशैब, एक दिवस तुझ्याच घरचे लोक तुझ्यासमोरून खाली उतरतील."

बुशैबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने टॅक्सीच्या टपावर हात आपटला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या घरातलं एक जरी माणूस या विमानतळावरून ट्रेनने शहरात गेलं, तर तूरिया मला हराम!"

तूरिया म्हणजे मी.

आमच्याकडे पुरुषांची ही एक खास शपथ आहे. बाकीच्या शपथा तिच्यापुढे बडीशेपेच्या गोळ्या. अमुक घडलं तर माझी बायको मला हराम, म्हणजे अमुक घडताक्षणी बायको परकी, तिच्याबरोबर एका छताखाली राहायचं नाही. आता गंमत बघा. राग आला याला, बॅगा उतरवल्या दुसऱ्याने, हसला तिसरा, आणि परकी कोण होणार? घरात बसून लोकांच्या कफ्तानांना गोंडे लावणारी मी. उचलली जीभ लावली टाळ्याला!

आणि हे मला नवऱ्याने सांगितलं नाही. मला कळलं हमाममध्ये. अंगाला काळा साबण फासून मी वाफेत बसले होते, तर जिलालीची बायको सरकत सरकत जवळ आली आणि म्हणाली, "तूरिया, तू घाबरू नकोस गं. तुमच्या घरात कोण ट्रेनने जातंय!" मी म्हटलं, "कशाला घाबरू?" तिने सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. एकीने तर माझ्या अंगावर पाणी ओतता ओतता कळशी तशीच धरून ठेवली.

घरी येऊन मी बुशैबसमोर उभी राहिले. केसांतून पाणी गळत होतं.

"काय रे, माझ्या संसाराला रुळांवर झोपवून आलास म्हणे?"

"बोलण्यातलं बोलणं होतं गं ते," तो म्हणाला. "तू कशाला मनाला लावून घेतेस? आपल्या घरातलं विमानाने येणारं माणूस एकच, माझी आई. आणि आई माझ्या टॅक्सीतून नाही येणार तर काय ट्रेनने येईल? अल्लाची शपथ, तू म्हणजे ना..."

"आणखी एक शपथ घे. सगळ्या एकत्र कोनाड्यात रचून ठेवू."

तो हसला. मलाही हसू आलं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. घरात आम्ही दोघंच, मुलं तिकडे इटलीत, आणि ती येतात ती बोटीने. राहिली आई. तिच्यासाठी टॅक्सीला नव्या खोळी शिवायला मीच बसले होते, हिरव्या सॅटिनच्या, कडेला सोनेरी गोफ.

माझी सासू लल्ला तामू; आमच्याकडे मानाने बाईला लल्ला म्हणतात, पुरुषाला सी. तिचा नवरा, म्हणजे माझे सासरे सी मिलूद, आयुष्यभर रेल्वेत होते. रुळांवर काम करणारी त्यांची टोळी होती, दगडी खडी बसवायची, रुळांखालचे स्लीपर बदलायचे. सासरे गेल्यावरही लल्ला तामू रेल्वेवाल्यांच्या वस्तीत, मोठ्या स्टेशनाच्या मागे, एकटीच राहते. मुलाकडे ये म्हटलं तर म्हणते, "तुमच्याकडे गाडीची शिट्टी ऐकू येत नाही, मला वेळ कळत नाही." हाजच्या सोडतीत दोघांचं नाव ते जिवंत असताना कधी निघालं नाही. ते गेले आणि तिसऱ्या वर्षी तिचं एकटीचं निघालं.

ती परत यायच्या दिवशी आम्ही सकाळीच विमानतळावर पोचलो. बुशैबने नवा जिलाबा, टोपीवाला पायघोळ झगा, घातला होता. टॅक्सीच्या पुढे खजुराच्या झावळ्या बांधल्या होत्या, आरशाला हिरवी रिबीन. स्टँडवरच्या सगळ्यांनी त्या दिवशी त्याला रांगेबाहेर, अगदी दारासमोर टॅक्सी लावू दिली. जिलालीने स्वतः काच पुसली. माझ्या हातात दुधाचं भांडं आणि खजुरांची परडी. आत शे-दोनशे कुटुंबं अशीच दूध-खजूर घेऊन उभी, एकमेकांच्या पायांवर पाय देत.

दार सरकलं आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाहेर यायला लागली. बायकांनी जिभा हलवून ललकाऱ्या दिल्या. लल्ला तामू दिसली. वाळली होती, उन्हाने काळवंडली होती, एका हातात मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात चपला. चपला हातात का ते मी अजून विचारलेलं नाही. बुशैब तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. तिने खजूर खाल्ला, दूध प्यायलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "स्टेशन याच मजल्याच्या खाली ना?"

बुशैब म्हणाला, "टॅक्सी समोरच उभी आहे आई. बघ, तूरियाने खोळी शिवल्यात."

"बघितल्या. सुरेख आहेत. त्यातून तूरिया येईल. मी ट्रेनने जाणार."

"आई, थट्टा नको करू."

"हाजहून आल्याआल्या थट्टा करीन होय?" तिने कॅन खाली ठेवला. "तुझा बाप दरवर्षी सोडत हरला की काय म्हणायचा, आठवतं? 'तामू, नाव निघू दे, येताना आपण आपल्याच गाडीने येऊ. रूळ मी बसवलेत, त्यावरून तू हाज्जा होऊन ये.' त्याला तर नाही जमलं. म्हणून मी मक्केत काब्यासमोर उभी राहून शपथ घेतलीय. विमानतळावरून घरी मी त्याच्या रुळांवरूनच जाईन."

बुशैबचा चेहरा असा झाला की माझ्या हातातलं दूध हिंदकळलं.

"मी पण शपथ घेतलीय," तो हळूच म्हणाला.

"तू रोजच घेतोस. कुठे घेतलीस?"

"टॅक्सी स्टँडवर."

"मी काब्यासमोर, तू टॅक्सी स्टँडवर," लल्ला तामू म्हणाली. "आता तूच सांग, कुणाची मोठी?"

बाजूच्या कुटुंबातली एक बाई खजूर चघळायची थांबली. जिलाली दारातून आत आला होता, तो पाठ फिरवून खांबावरची जाहिरात वाचायला लागला. बुशैबने आईला विनवलं, पाया पडला, ट्रेनमध्ये गर्दी असते, वारा लागतो, चोर असतात, गेल्या महिन्यात ती वाटेत बंद पडली होती, असं काय काय सांगितलं. एकच गोष्ट सोडून सगळं सांगितलं. शपथ कशावर घेतली ते त्याच्या तोंडून निघेना. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी परडी घेऊन उभी.

शेवटी मीच बोलले. "लल्ला, तुम्ही ट्रेनमध्ये बसलात की मी याला हराम. तशी शपथ घेतलीय याने."

लल्ला तामूने माझ्याकडे बघितलं. मग मुलाकडे.

"खरं?"

त्याने जिलाब्याची बाही झटकली.

"तुझ्या बापाने चाळीस वर्षं घण उचलला," ती म्हणाली. "बोटं ठेचली, पाय मोडला, साहेबाने शिव्या दिल्या. पण घरातल्या बाईला त्याने कधी पणाला लावलं नाही रे."

ती वळली. जिन्याकडे बघत होती. खालून घोषणा ऐकू आली, अरबीत आणि मग फ्रेंचमध्ये, शहराची गाडी सुटायला थोडाच वेळ आहे म्हणून. मग तिने चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "चल, टॅक्सी आण. माझ्या शपथेसाठी मी तीन दिवस उपास करीन. देव म्हाताऱ्या बाईला समजून घेतो. या पोरीचा संसार नाही मोडायचा मला."

इथपर्यंत मीही सुटकेचा निःश्वास सोडणार होते. खरंच सांगते. पण बुशैबने जे केलं ते बघून माझं डोकं फिरलं. त्याने "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणत झटकन कॅन उचलला, जिलालीला हाक मारली, "दार उघड रे!", आणि निघाला. आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच. जणू रांगेत पुढचा नंबर मिळाला. एवढी वर्षं ज्या बाईने गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावलं, तिचं एकच मागणं मोडीत निघालं, मी अर्धा तास दोरीवर टांगलेली होते, आणि याला काळजी कसली, तर स्टँडवर नाक शाबूत राहण्याची.

मी चार ढांगा टाकून त्याच्या हातातून कॅन काढून घेतला. दुधाचं भांडं त्याच्या हातात दिलं.

"तूरिया?"

"शपथ तू घेतलीस. सांभाळ." मी सासूचा दंड धरला. "चला लल्ला. ट्रेन सुटेल."

"अगं पोरी, तुझं काय?"

"माझं मला बघू द्या. आत्तापर्यंत दुसऱ्यांनीच बघितलं."

आम्ही जिन्यावर पाय ठेवला. सरकता जिना म्हणजे मोठी सोय. मन मागे ओढत असलं तरी माणूस खाली जातंच राहतं. मागे वळून बघितलं तर वरच्या टोकाला बुशैब, हातात भांडं, आणि त्याच्या मागे सगळा टॅक्सी स्टँड, एका ओळीत. कुणी हसत नव्हतं.

लल्ला तामूकडे रेल्वेवाल्याच्या विधवेचा पास होता. माझं तिकीट मी काढलं. खिडकीतल्या पोरीने विचारलं, "एकीचंच? जायचं की परतीचंही?" मी म्हटलं, "जायचं. परतीचं माझ्या हातात नाही."

गाडी तळघरातून उजेडात आली. माझा राग तोवर उतरला होता, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. एवढ्या वर्षांचा नवरा. भांडखोर, बडबड्या, पण मी आजारी पडले की रात्रभर जागा राहणारा. मी परडीतले खजूर एकामागून एक खात सुटले. लल्ला तामूने परडी काढून घेतली.

"पोट बिघडेल. खिडकीतून बघ."

बाहेर निलगिरीची झाडं, शेतं, मग नव्या इमारती. एका वळणावर तिने काचेवर हात टेकवला आणि गाडी पुढे जाईपर्यंत तसाच ठेवला. "इथे त्याचा पाय मोडला होता," ती म्हणाली. "बुशैब तेव्हा पोटात होता. टोळीने माझ्या नवऱ्याला हातगाडीवर घालून स्टेशनात आणला. आणि हा काय म्हणतो मला, 'तामू, रूळ मात्र सरळ बसला.'" ती हसली आणि जिलाब्याच्या टोपीने डोळे पुसले. तिच्यासाठी मी जे केलं त्याचा मला त्या क्षणी एवढासाही पस्तावा नव्हता.

तेवढ्यात समोरचा एक पोरगा ओरडला, "ते बघा, ते बघा!" रस्ता जिथे रुळांच्या शेजारून जातो तिथे आमची टॅक्सी धावत होती. झावळ्या वाऱ्याने मागे उलटलेल्या, रिबीन फडफडतेय, हिरवी सॅटिन चमकतेय, आणि आत एकटा बुशैब. लग्नाच्या वरातीसारखा भोंगा वाजवत होता. डब्यातल्या लोकांना वाटलं, कुणाचंतरी लग्न आहे. त्यांनी हात हलवले. मीही हलवला असता, पण परक्या पुरुषाला कसा हलवणार?

"आता तू त्याच्या घरी जाऊ शकत नाहीस," लल्ला तामू म्हणाली.

"नाही."

"रुसलेली बाई माहेरी जाते. तुझी आई तर नाही राहिली."

"भाऊ अगादीरला आहे."

"अगादीर लांब आहे आणि तुझी भावजय कुजकी आहे. माझ्याकडे ये. माझ्या घरी रुसून बैस. मी तुझी माहेरची."

"लल्ला, तुम्ही त्याची आई."

"ते मी उद्यापासून बघीन. आज मी मुलीची आई आहे."

स्टेशनामागच्या तिच्या घरी पाहुणे भरले होते. बुशैब आमच्या आधी पोचला होता, पण उंबऱ्यावरच थांबला. मी आत, तो बाहेर. त्याला काही सांगायचं होतं, पण माझ्याशी थेट बोलावं की नाही ते त्याला कळेना.

"आई, तिला विचार, माझा निळा सदरा कुठे ठेवलाय?"

"कुठल्या बाईंना विचारू?" लल्ला तामू म्हणाली. "या बाई तुझ्या कोण?"

पाहुण्यांत हशा पिकला. बुशैब लाल झाला आणि सदरा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी तो मशिदीतल्या फकींकडे, धर्माचे नियम सांगणाऱ्या सी लहसेनकडे गेला. हे सगळं मला जिलालीच्या बायकोने सांगितलं, कारण जिलाली त्याच्याबरोबर होता. सी लहसेनने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलताना तुझ्या मनात बायको सोडायची होती?"

"नाही हो! अल्लाची शपथ..."

"शपथ नको. मनात काय होतं?"

"मनात ट्रेन होती."

"मग ती नुसती शपथच, आणि ती मोडली. दहा गरिबांना जेवू घाल. घालायला नाही म्हणून सांगू नकोस, तुझ्याकडे टॅक्सी आहे."

जिलालीने लगेच हात वर केला. "दहा गरीब आमच्या स्टँडवर तयार आहेत, सी लहसेन. आज दुपारपर्यंत एकाचा नंबर लागलेला नाही. याहून गरीब कुठे शोधायचे?" सी लहसेन म्हणे दाढीत हसले आणि म्हणाले, "चालतील."

बुशैबने मला निरोप धाडला: शुक्रवारी दहा माणसांचं कुस्कुस कर, मग सगळं मिटतं. मी उलट निरोप धाडला: शपथ ज्याची, कुस्कुस त्याचं. परक्या पुरुषाकडे मी स्वयंपाकाला जात नाही.

मग त्याने स्वतः केलं. रव्याच्या दाण्यांचं हे कुस्कुस तीनदा वाफवायचं असतं, दर वेळी परातीत पसरून, पाणी शिंपडून, हाताने मोकळं करायचं असतं. आमच्या सी बुशैबने सगळं एकदाच पातेल्यात टाकून वर झाकण ठेवलं. भाज्या अख्ख्याच, भोपळा सालीसकट. स्टँडवर दहा माणसं परातीभोवती बसली आणि एकेक घास चावत राहिली. शेवटी जिलाली म्हणाला, "भावा, आम्ही इथे बसलो तेव्हा गरीब नव्हतो. हे खाऊन झालो." पण परात रिकामी केली त्यांनी. स्टँडवरची माणसं तशी जीव टाकणारी आहेत. हे ऐकून मी पोट धरून हसले आणि मग आत जाऊन थोडी रडले, कारण त्याला कांदा चिरता येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्याने दहा माणसांचा कांदा चिरला होता.

त्याच संध्याकाळी खालून हाक आली. लल्ला तामू खिडकीत गेली, मी तिच्या मागे पडद्याआड. बुशैब रस्त्यावर उभा होता. एका हातात साखरेची मोठी सुळकेदार ढेप, निळ्या कागदात गुंडाळलेली, जशी मागणी घालायला येणारे आणतात. दुसऱ्या हाताच्या बोटांना पट्टी. टॅक्सी कुठे दिसेना.

"कोण पाहिजे?" लल्ला तामूने विचारलं.

"आई, दार उघड."

"इथे मुलीची आई राहते. काय काम आहे?"

त्याने अंगावरचा जिलाबा नीट केला. मग ढेप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमच्या मुलीला घरी न्यायला आलोय."

"आलास कसा?"

"ट्रेनने."

"लोकांनी बघितलं?"

"सगळ्या स्टँडने बघितलं. जिलालीने तिकीट काढून दिलं."

दार उघडलं. तो वर आला, मी पडद्याआडून बाहेर आले. तीन-चार दिवसांत माणूस केवढा सुरकुततो! बसायला सांगितल्यावर तो गादीच्या कडेला टेकला आणि लगेच सुरू झाला, "तूरिया, अल्लाची शपथ, यापुढे मी कधी..."

"थांब," लल्ला तामूने हात वर केला. "याच दारातून मी तुला परत घालवीन. माझी मुलगी शपथांवर द्यायची नाही मला. एक गोष्ट सांग तिला, खरी, शपथेशिवाय. मग नेता येईल."

बुशैबने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आम्हाला दिसत होतं, शब्द येतोय आणि हा गिळतोय. शपथ काढून घेतली तर या माणसाकडे बोलायला काय राहतं ते त्यालाही माहीत नव्हतं. मागे स्टेशनात एक गाडी येऊन गेली. तो साखरेच्या ढेपेवरचा कागद नखाने खरवडत होता.

"आई जिन्याकडे वळली ना," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता, "तेव्हा मला वाटलं, आता मी कुणालाच नको. दिवसभर लोक माझ्यासमोरून खाली उतरतात. मला वाटलं, आई पण. मग तूही उतरलीस. तेव्हा कळलं की त्या लोकांनी माझं काहीच नेलं नव्हतं. घर रिकामं आहे तूरिया. मला भीती वाटते तिथे."

एवढंच. ना बापाची शपथ, ना देवाची. लल्ला तामूने तोंड भिंतीकडे वळवलं. मग थोड्या वेळाने, डोळे न पुसताच, मला विचारलं, "काय गं पोरी? बसतो विश्वास? शपथ तर घेतली नाही त्याने."

"म्हणूनच बसला," मी म्हटलं, आणि उठून त्याच्या बोटावरची सुटलेली पट्टी नीट बांधायला घेतली.